देवमाशाची हांक आणि यंत्राचा कान

समुद्राच्या कांठीं उभें राहिलें असतां लाटांचा घोष ऐकूं येतो. परंतु त्या लाटांच्या खालीं, खोल पाण्यांत, सर्व कांहीं निःशब्द असेल असाच बहुतेकांचा समज असतो. हा समज खरा नाहीं. पाण्याखालीं प्रकाशाचें राज्य फार थोडें आहे. सुमारें २०० मीटर खोल गेलें म्हणजे सूर्यप्रकाश बहुतेक संपतो, आणि जेथें प्रकाश आहे तेथेंही दृष्टि फार दूर पोंचत नाहीं. ध्वनीची गोष्ट निराळी आहे. हवेंत ध्वनि एका सेकंदांत सुमारें ३४० मीटर जातो. समुद्राच्या पाण्यांत तो सुमारें १,५०० मीटर जातो, आणि खालच्या सुरांचा आवाज तर फारसा क्षीण न होतां मैलांचे मैल प्रवास करितो. म्हणून जें काम आपण डोळ्यांनीं करितों तें पुष्कळ सागरी प्राण्यांना कानांनीं करावें लागतें. आपला सोबती कोठें आहे, पिलूं जवळ आहे कीं दूर गेलें, हें त्यांना आवाजावरून कळतें.

ह्या प्राण्यांत देवमासा श्रेष्ठ होय. त्याच्या नांवांत 'मासा' असला तरी तो मासा नव्हे, हें आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. तो उष्ण रक्ताचा, फुप्फुसांनीं श्वास घेणारा व पिलांस दूध पाजणारा प्राणी आहे. त्याच्या आवाजाचा शास्त्रीय अभ्यास मात्र अलीकडचा आहे. विल्यम शेविल व बार्बरा लॉरेन्स ह्या दोघां शास्त्रज्ञांनीं कॅनडांतील सॅगने नदींत पाण्याखालीं ध्वनिग्राहक सोडून पांढऱ्या देवमाशांचे आवाज ऐकले, व १९४९ सालीं त्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यानंतर बर्म्यूडा बेटाजवळ फ्रँक वॉटलिंग्टन नांवाचे गृहस्थ अमेरिकन आरमारासाठीं पाण्याखालील ध्वनींचें काम करीत असतां त्यांच्या मुद्रणांत हंपबॅक जातीच्या देवमाशांचे आवाज आले. तीं मुद्रणें त्यांनीं १९६७ सालीं रॉजर पेन ह्यांच्या स्वाधीन केलीं. पेन व स्कॉट मॅकव्हे ह्यांनीं १९७१ सालीं दाखवून दिलें कीं, हे आवाज वाटेल तसे काढलेले नसून ठराविक क्रमानें पुनःपुनः आळविलेले असतात. म्हणून त्यांस 'गाणें' हें नांव योग्य आहे.

तेव्हां अडचण होती ती मुद्रणें मिळविण्याची. आतां अडचण नेमकी उलट झाली आहे. ध्वनिग्राहक महिनेच्या महिने समुद्राच्या तळाशीं ठेवितां येतात, आणि ते दिवसरात्र, वादळांत व शांततेंत, सारखे मुद्रण करीत राहतात. पॅसिफिक महासागरांत अमेरिकेच्या सरकारी शास्त्रज्ञांनीं सुमारें पंधरा वर्षांत १,७०,००० तासांहून अधिक मुद्रण गोळा केलें. एखाद्या मनुष्यानें झोंप न घेतां, जेवणास न उठतां तें ऐकावयाचें ठरविलें, तर त्यास एकोणीस वर्षांहून अधिक काळ लागेल! इतकें करून त्या तासांतील बहुतेक भाग लाटांचा, पावसाचा, कोळंब्यांच्या कटकटीचा व जहाजांच्या घरघरीचा. देवमाशाची हांक त्यांत कोठें तरी एकादी. ती शोधून काढण्याचें काम यंत्रास शिकवितां येईल काय, आणि यंत्रानें दिलेल्या उत्तरावर कितपत विसंबावें, ह्या दोन प्रश्नांचा विचार आम्हीं ह्या लेखांत योजिला आहे.

हा विचार केवळ कुतूहलाचा नाहीं. त्यावर एका संपूर्ण जातीचें जीवित अवलंबून आहे. उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत, फ्लॉरिडापासून कॅनडापर्यंत, 'राइट व्हेल' नांवाचा देवमासा राहतो. येथें 'राइट' म्हणजे उजवा नव्हे. शिकारीस 'योग्य' तो राइट, असा जुन्या शिकाऱ्यांचा अर्थ होता असें सांगतात. हा प्राणी सावकाश पोहतो, किनाऱ्याजवळ येतो, त्याच्या अंगांत चरबी फार, आणि मेल्यावर तो बुडत नाहीं, तरंगतो. एवढ्या गोष्टी त्याच्या नाशास पुरेशा झाल्या. १९३५ पासून आंतरराष्ट्रीय करारानें त्याच्या शिकारीस बंदी झाली, तरी ही जात पूर्ववत् सांवरली नाहीं. आज सगळ्या जगांत तिचे ४०० हून कमी प्राणी उरले आहेत. एकट्या २०१७ सालीं १७ राइट व्हेल मेलेले आढळले, आणि त्याच्या पुढच्या हिवाळ्यांत एकही नवें पिलूं दृष्टीस पडलें नाहीं. आतां त्यांस भाल्यानें कोणी मारीत नाहीं. आतां त्यांचे प्राण घेतात त्या जहाजांच्या धडका आणि मासेमारीच्या दोऱ्या.

धडकेविषयीं एक आंकडा लक्षांत ठेवण्यासारखा आहे. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें दिसून आलें कीं, मोठें जहाज १५ नॉट वेगानें देवमाशावर आदळलें तर तो मरण्याचा संभव शेंकडा ८० च्या आसपास असतो. वेग ९ नॉटांच्या आंत आला तर तोच संभव शेंकडा २० च्या आसपास उतरतो. म्हणजे कप्तानास वेळींच सूचना मिळाली आणि त्यानें वेग कमी केला, तर पुष्कळ प्राणी वांचूं शकतात. परंतु सूचना द्यावयाची कोणीं? हा प्राणी पन्नास फूट लांब असला तरी रंगानें काळा, आणि त्याच्या पाठीवर पर नसतो. तो पाण्याबाहेर थोडा वेळच येतो. रात्रीं, धुक्यांत किंवा खवळलेल्या समुद्रांत तो तीक्ष्ण नजरेच्या खलाशासही दिसत नाहीं. दिसत नाहीं त्यास ऐकावें, हाच एक मार्ग उरतो.

सुदैवानें राइट व्हेलची एक हांक चांगली ओळखीची आहे. तिला 'चढती हांक' म्हणावी. नर, मादी, लहान, मोठे असे सर्वच ती देतात. 'मी येथें आहें, तूं कोठें आहेस?' असा तिचा उपयोग असावा असें शास्त्रज्ञ मानतात. ती दर सेकंदास सुमारें १०० कंपनांपासून आरंभ होऊन सुमारें २०० कंपनांपर्यंत चढत जाते, आणि हें सर्व एका सेकंदाच्या आसपास आटोपतें. कंपनें दुप्पट झालीं म्हणजे सूर एक सप्तक वर गेला, हें संगीत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांस माहीत आहे. तेव्हां एखाद्या सारंगीवाल्यानें षड्जावरून मींड घेत तार षड्जापर्यंत जावें, तशी ही हांक असते असें समजण्यास हरकत नाहीं.

आतां यंत्रास ही हांक 'ऐकूं' कशी येते तें पाहूं. ध्वनि म्हणजे दाबाचा चढउतार. पाण्यांतील ध्वनिग्राहक हा दाब एका सेकंदांत हजारों वेळां मोजतो व प्रत्येक मापाचा आंकडा लिहून ठेवितो. ह्या आंकड्यांवरून गणितानें एक चित्र तयार करितां येतें. आलेखाचा कागद डोळ्यांपुढें आणावा. आडव्या रेषेवर डावीकडून उजवीकडे वेळ मांडावा. उभ्या रेषेवर खालून वर कंपनांची संख्या मांडावी. आणि ज्या क्षणीं जो सूर बळकट असेल तेथें शाई गडद करावी. ह्यास ध्वनिचित्र म्हणूं. अशा चित्रांत जहाजाच्या यंत्राची घरघर आडव्या पट्ट्यांसारखी दिसते. एकदम झालेला ठोका उभ्या रेघेसारखा दिसतो. आणि देवमाशाची चढती हांक डावीकडून उजवीकडे वर चढणाऱ्या एका लहानशा बांकदार रेघेसारखी दिसते. येथें ऐकण्याचा प्रश्न पाहण्याचा झाला: कागदावरील असंख्य डागांतून ती एक रेघ ओळखावयाची.

हें काम करण्याच्या मुख्य रीति तीन आहेत. पहिली रीत कित्त्याची. मास्तरांनीं काढून दिलेला कित्ता पारदर्शक कागदावर उतरून घ्यावा, व तो विद्यार्थ्याच्या वहीवर ठेवून अक्षर किती जुळतें तें पाहावें, त्याप्रमाणें एका नमुनेदार हांकेचें चित्र घेऊन तें सगळ्या ध्वनिचित्रावरून सरकवीत न्यावयाचें. जेथें जुळणी अधिक तेथें हांक असण्याचा संभव अधिक. डेव्हिड मेलिंजर व ख्रिस्तोफर क्लार्क ह्यांनीं २००० सालीं ध्रुवप्रदेशांतील बोहेड देवमाशाच्या आवाजांसाठीं ह्या रीतीचें वर्णन केलें. दुसरी रीत रेघेचा माग काढण्याची. तींत यंत्र प्रथम आजूबाजूचा गोंगाट वजा करितें, उरलेल्या गडद रेघेच्या मागोमाग जातें, आणि ती कोठें सुरू झाली, किती चढली, किती वेळ टिकली हीं मापें घेऊन ओळखीच्या हांकांच्या मापांशीं ताडून पाहतें. मार्क बॉमगार्टनर व सारा मुसोलिन ह्यांनीं २०११ सालीं ही पद्धति मांडली.

तिसरी रीत उदाहरणांवरून शिकण्याची, आणि हल्लीं तिचाच बोलबाला अधिक आहे. २०१३ सालीं कॉर्नेल विद्यापीठाच्या सहकार्यानें एक जाहीर स्पर्धा ठेवण्यांत आली. स्पर्धकांस दोन दोन सेकंदांचे ३०,००० ध्वनितुकडे देण्यांत आले, आणि प्रत्येकावर 'राइट व्हेलची हांक आहे' किंवा 'नाहीं' अशी खूण होती. ह्या रीतींत यंत्रास कोणताही नियम सांगत नाहींत. आरंभीं तें केवळ अंदाजानें उत्तर देतें. उत्तर चुकलें कीं त्याच्या आंत सांठविलेले असंख्य आंकडे किंचित् कमीअधिक करण्यांत येतात, म्हणजे पुढच्या वेळीं तीच चूक थोडी कमी व्हावी. असें लाखों वेळां केल्यावर यंत्र स्वतःच हांकेची लक्षणें पकडूं लागतें. पॅसिफिक महासागरांतील ज्या मुद्रणांचा वर उल्लेख केला, त्यांतील हंपबॅक देवमाशांचें गाणें २०१८ च्या सुमारास गूगल कंपनीच्या साहाय्यानें अशाच यंत्राकडून शोधून घेण्यांत आलें. आणि किंगमन रीफ नांवाच्या एकाकी प्रवाळखडकापाशीं, जेथें हें गाणें पूर्वीं नोंदलेलें नव्हतें, तेथें तें असल्याचें कळून आलें.

येथें एक गोष्ट विसरूं नये. त्या हजारों तुकड्यांवर 'आहे' व 'नाहीं' ह्या खुणा करणारीं माणसेंच होतीं. कोणी तरी रात्रंदिवस कान देऊन ऐकलें, चित्र डोळ्यांखालून घातलें, शंका आली तेथें दुसऱ्यास विचारलें, आणि मग खूण केली. यंत्राचें सर्व ज्ञान ह्या धीराच्या श्रमावर उभें आहे. खूण करणारा चुकला तर यंत्र तीच चूक मोठ्या भक्तीनें गिरवीत राहील.

आतां दुसरा प्रश्न: यंत्राच्या उत्तरावर विसंबावें किती? यंत्र सरळ 'होय' किंवा 'नाहीं' म्हणत नाहीं. तें प्रत्येक तुकड्यास जणूं शंभरांपैकीं गुण देतें. हुबेहूब हांकेस ९५, संशयितास ५०, निव्वळ गोंगाटास ५. मग उत्तीर्ण होण्यास किती गुण लागावे हें मात्र माणसानें ठरवावें लागतें. हें ठरविणें वाटतें तितकें सोपें नाहीं. आम्ही एक कल्पित उदाहरण देतों. त्यांतील आंकडे समजुतीसाठीं घेतलेले आहेत.

एका दिवसाचे ८६,४०० सेकंद. दोन सेकंदांचे तुकडे केले तर ४३,२०० तुकडे होतात. समजा, त्यांपैकीं फक्त २० तुकड्यांत खरी हांक आहे. यंत्र हुशार आहे: वीसांपैकीं १८ हांका तें ओळखतें, आणि गोंगाटाच्या शंभर तुकड्यांपैकीं केवळ एकास चुकून 'हांक' म्हणतें. असा विद्यार्थी वर्गांत पहिला यावयाचा! पण हिशेब पाहा. गोंगाटाचे तुकडे ४३,१८०; त्यांचा शंभरावा भाग सुमारें ४३२. म्हणजे दिवसाअखेर यंत्रानें दिलेल्या सूचना ४५०, आणि त्यांत खऱ्या १८. पंचवीस सूचनांत एक खरी व चोवीस खोट्या. जी वस्तु फार दुर्मिळ असते तिचा शोध घेतांना शेंकडा ९९ बिनचूक यंत्रही असें फसवितें. आमच्या मतें ह्या विषयांत विद्यार्थ्यांनीं शिकण्यासारखें सर्वांत महत्त्वाचें गणित हेंच आहे.

ह्यावर कोणी म्हणेल, उत्तीर्णतेचे गुण वाढवा. ठीक आहे, वाढविले. समजा, आतां हजार गोंगाटांत एकच चुकून वर जातो. खोट्या सूचना ४३ वर आल्या. परंतु परीक्षा कठीण केली कीं काठावरचे चांगले विद्यार्थीही नापास होतात. तशा दूरच्या, अस्पष्ट, लाटांत अर्धवट बुडालेल्या खऱ्या हांकाही गळतात. १८ ऐवजीं १२ च सांपडल्या, तर आठ हांका ऐकूं येऊनही न ऐकल्यासारख्या झाल्या. गुण कमी करावे तर खोटें वाढतें, गुण वाढवावे तर खरें गळतें. एक चूक टाळावी तर दुसरी वाढते.

आणि ह्या दोन चुकांची किंमत सारखी नाहीं. खोटी सूचना गेली तर जहाजाचे कांहीं तास व कांहीं पैसे वाया जातात. पण ती रोज जाऊं लागली तर 'लांडगा आला रे आला' ह्या गोष्टींतल्या गांवकऱ्यांसारखे कप्तान तिकडे कानाडोळा करूं लागतील, आणि खऱ्या वेळीं कोणी थांबणार नाहीं. उलट, खरी हांक गळली तर चारशेंहून कमी उरलेल्या प्राण्यांतील एक कायमचा जाईल. आणि ती माता होऊं शकणारी मादी असेल, तर पुढच्या कित्येक पिलांची आशाही तिच्याबरोबर बुडेल. कोणती चूक किती सोसावयाची, हें गणित सांगत नाहीं. तो निर्णय माणसाचा आहे, आणि त्याची जबाबदारीही माणसाचीच.

ही अडचण व्यवहारांत कशी सोडविली गेली, ह्याचें एक चांगलें उदाहरण बॉस्टन बंदराबाहेरचें आहे. नैसर्गिक वायु वाहून आणणारीं प्रचंड जहाजें तेथें येत, आणि त्यांच्या वाटेवरच राइट व्हेल चरावयास येत. २००८ सालापासून त्या जलमार्गांत कॉर्नेल विद्यापीठ व वुड्स होल येथील समुद्रविज्ञान संस्था ह्यांनीं सिद्ध केलेले दहा बोये ठेवण्यांत आले. प्रत्येक बोयाखालीं ध्वनिग्राहक होता, व तो सुमारें पांच सागरी मैलांच्या परिसराचा कानोसा घेई. बोयांतील संगणक संशयित तुकड्यांस गुण देई व अधिक गुणांचे तुकडे विद्यापीठाकडे धाडी. तेथें बसलेला जाणकार मनुष्य तो तुकडा ऐकून व त्याचें चित्र पाहून मगच 'होय' म्हणे. त्याचा होकार मिळाला कीं वायुवाहू जहाजांस सूचना जाई, आणि पुढील चोवीस तास त्या टापूंत त्यांनीं १० नॉटांहून, म्हणजे ताशीं सुमारें साडेअठरा किलोमीटरांहून, अधिक वेगानें जावयाचें नाहीं असा नियम होता. यंत्रानें हजारों तुकड्यांतून मूठभर निवडावे, आणि त्या मुठींतून खरें कोणतें तें माणसानें सांगावें, अशी ही वांटणी होती. पुढें वुड्स होल येथील पद्धतींत आपोआप तरंगत जाणारीं लहान यानेंही असाच कानोसा घेऊं लागलीं. आणि २०२० सालापासून अमेरिकेंत अशा ऐकलेल्या हांकांवरून त्या त्या भागांत जहाजांनीं आपण होऊन वेग कमी करावा अशी विनंति काढण्याची पद्धत सुरू झाली.

एवढें करूनही यंत्राच्या कानास मर्यादा आहेत, आणि त्या जाणून घेतल्यावांचून त्याचा उपयोग करणें धोक्याचें आहे. पहिली मर्यादा अशी कीं हंपबॅक देवमासाही कधीं कधीं तसाच चढता सूर काढतो. एकटा तुकडा ऐकून जाणत्या माणसालाही निवाडा करणें जड जातें. आधीं काय ऐकूं आलें व नंतर काय आलें हें पाहून तो ठरवितो. दुसरी मर्यादा जहाजांची. मोठ्या जहाजाच्या घरघरीचे सूर नेमके ह्या हांकेच्या टापूंतच पडतात. ज्या वेळीं जहाज जवळ असतें, म्हणजे ज्या वेळीं सूचनेची गरज सर्वांत अधिक, त्याच वेळीं हांक गोंगाटांत झांकून जाते.

तिसरी मर्यादा विचार करण्यासारखी आहे. सुसान पार्क्स व त्यांचे सहकारी ह्यांनीं २००७ सालीं जुन्या व नव्या मुद्रणांची तुलना करून दाखविलें कीं, राइट व्हेल आतां पूर्वींपेक्षां वरच्या सुरांत हांक देतात. बाजारांत गलबला वाढला म्हणजे आपण जसे आवाज चढवून बोलतों, तसेंच हें असावें. तेव्हां जुन्या कित्त्यावर शिकलेलें यंत्र नव्या अक्षरास नापास करील. त्यास नवीं उदाहरणें देऊन पुनः पुनः शिकवावें लागतें.

चौथी मर्यादा सर्वांत गंभीर होय. अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर हिवाळ्यांत माद्यांस पिलें होतात. तेथें पार्क्स ह्यांनींच केलेल्या व २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत असें आढळलें कीं, तान्हीं पिलें बरोबर असलेल्या माता त्या दूरवर जाणाऱ्या चढत्या हांका फारच क्वचित् देतात. पिलाशीं त्यांचें बोलणें हलक्या, जवळच ऐकूं जाईल अशा आवाजांत चालतें. शत्रूस चाहूल लागूं नये म्हणून ही सावधगिरी असावी. जिला वांचविणें सर्वांहून अगत्याचें, तीच मुकाट्यानें पोहत असते. यंत्र कितीही तीक्ष्ण केलें तरी जी हांक दिलीच नाहीं ती त्यास ऐकूं येणार कशी? म्हणून अशा जागीं केवळ ऐकण्यावर भिस्त न ठेवितां मोसमाप्रमाणें वेगाची मर्यादा घालावी लागते. अमेरिकेनें तसा नियम २००८ सालीं केला.

अपरिचित आवाजापुढें यंत्र किती निरुपाय असतें हें दुसऱ्या एका गोष्टीवरून कळेल. २०१४ सालीं पॅसिफिकमधील मारियाना गर्तेच्या परिसरांत एक चमत्कारिक आवाज मुद्रित झाला. आरंभीं खोल हुंकार आणि शेवटीं धातूच्या तारेसारखा झणत्कार. तो कोणाचा हें यंत्र सांगूं शकेना, कारण त्यास तें कोणीं शिकविलेंच नव्हतें. पुढें शास्त्रज्ञांनीं जहाजावरून डोळ्यांनीं ब्राइड जातीचे देवमासे पाहिले, त्याच वेळीं पाण्यांतून तोच आवाज ऐकला, आणि २०२४ सालीं तो आवाज ब्राइड देवमाशाचा असल्याचें जाहीर केलें. एकदां नांव ठरल्यावर मात्र यंत्रानें वर्षानुवर्षांचीं जुनीं मुद्रणें चाळून तो आवाज कोठें कोठें येतो हें काढून दिलें. आधीं माणसाचा डोळा व कान, मग यंत्राचा वेग, हा क्रम येथें स्पष्ट दिसतो.

हें सर्व दूरदेशींचें, आमचा त्याशीं काय संबंध, असें आमच्या वाचकांपैकीं कोणास वाटेल, तर त्यांनीं आपल्या अरबी समुद्राकडे पाहावें. २०१७ सालीं गोव्याच्या ग्रँडे बेटाजवळ पाण्याखालीं केलेल्या मुद्रणांत हंपबॅक देवमाशाचें गाणें सांपडलें. लक्षद्वीपांतील कवरत्ती बेटाजवळ २०१८ च्या अखेरीपासून २०२० च्या आरंभापर्यंत ठेवलेल्या ध्वनिग्राहकांत निळ्या देवमाशाचें गाणें मुद्रित झालें. जगांतील सर्वांत मोठा प्राणी तो हाच. हे देवमासे आमच्या किनाऱ्यावरून येतात जातात, आणि मुंबईस येणारीं जाणारीं जहाजेंही त्याच समुद्रांतून जातात. परंतु अटलांटिकच्या हांकांवर शिकलेलें यंत्र अरबी समुद्राचें गाणें ओळखीलच असें नाहीं. येथील मुद्रणांवर येथेंच बसून कोणी तरी 'आहे' व 'नाहीं' अशा खुणा केल्या पाहिजेत. त्यास फार मोठें धन लागत नाहीं. चांगला कान, गणिताची समज, आणि कंटाळा न करतां एकच काम नेटानें करण्याची संवय लागते. ह्या तिन्ही गोष्टी शाळेंत मिळण्यासारख्या आहेत, हें पालकांनींही ध्यानांत घ्यावें.

सारांश इतकाच कीं, यंत्र थकत नाहीं, झोंपत नाहीं, रात्र व धुकें जाणत नाहीं, म्हणून तें ठेवावेंच. त्यानें 'हांक आली' म्हटलें तर जाणत्यानें ती तपासावी, आणि खरी ठरल्यास जहाजानें वेग कमी करावा. पण यंत्र गप्प राहिलें, तर त्याचा अर्थ 'मीं कांहीं ऐकलें नाहीं' एवढाच घ्यावा. 'येथें कोणी नाहीं' असा घेऊं नये. कदाचित् त्याच वेळीं त्या काळ्या पाण्याखालीं एक माता आपल्या पिलास घेऊन निःशब्द चालली असेल.

जातां जातां विद्यार्थ्यांस एक उदाहरण. वरच्याच हिशेबांत, एका दिवसांत २० ऐवजीं २०० तुकड्यांत खरी हांक आहे असें धरावें. यंत्र तेंच, खऱ्यांपैकीं शेंकडा ९० ओळखणारें व गोंगाटांत शंभरीं एक चुकणारें. आतां त्याच्या एकंदर सूचनांत खऱ्या किती निघतील? उत्तर दहांत तिनांच्या जवळ यावयास पाहिजे. यंत्र तिळभर न बदलतां त्याची योग्यता पंचविसांत एकावरून इतकी कशी वाढली, ह्याचें कारण ज्यास नीट सांगतां येईल, त्यास हा पाठ समजला असें आम्ही म्हणूं.